फाटकावरचे तीन कायदे: विधीच्या विद्यार्थ्यांनी राज्याचा कायदा बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी नऊला दहा मिनिटं उभं राहा. टेम्पोतून कपाट उतरवणारे हमाल दिसतील. वहीत त्यांची नावं लिहून घेणारा वॉचमन दिसेल. आणि गेटपास दाखवून लगबगीने आत शिरणाऱ्या घरकामाच्या बायका दिसतील. दुपारपर्यंत त्यांना चार-पाच घरं उरकायची असतात. तिघंही अंगमेहनतीवर पोट भरतात. तिघांसाठीही महाराष्ट्राने वेगवेगळा कायदा केलेला आहे. हमालांसाठी 1969 मध्ये, सुरक्षारक्षकांसाठी 1981 मध्ये, घरेलू कामगारांसाठी 2008 मध्ये. पण या कायद्यांनी कोणाच्या पदरात काय टाकलं ते पाहिलं, तर तिसऱ्याच्या वाट्याला फारच थोडं आलंय.

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि रविवारी सकाळी विधी शाखेच्या काही विद्यार्थ्यांबरोबर बसते. त्यातले निम्मेअधिक तीन वर्षांच्या एलएलबीचे, दिवसा नोकरी करणारे. कोणी ऐरोलीत कंपनीत, कोणी दिव्याहून लोकलच्या दारात उभं राहून येणारं. फाटकाचा हा विषय निघाला तेव्हा एकीने लगेच विचारलं, "मॅडम, मग याचिका कुठे टाकायची? हायकोर्टात की थेट सुप्रीम कोर्टात?"

तिचा राग खरा होता. दार मात्र चुकलं होतं, आणि ते जवळजवळ सगळ्यांचंच चुकतं. विधी महाविद्यालयात आपण तीन किंवा पाच वर्षं निकाल वाचतो, त्यामुळे कायदा म्हणजे न्यायालय असं डोक्यात घट्ट बसतं. न्यायालय एखादा कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं, त्याचा अर्थ लावू शकतं, अंमलबजावणी करा असं सरकारला बजावू शकतं. अमुक कायदा करा, असा हुकूम ते विधिमंडळाला देत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, पण संसदेचा कायदा यायला 2013 उजाडलं. मधली 16 वर्षं बायकांच्या संघटना पाठपुरावा करत होत्या. निकालपत्रांच्या संग्रहात तो पाठपुरावा छापलेला नसतो, म्हणून विद्यार्थ्यांना तो दिसत नाही.

तो पाठपुरावा कसा करायचा, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

आधी पाहायचं, विषय कोणाच्या हातात आहे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. संघ सूचीतल्या विषयांवर संसद कायदे करते, राज्य सूचीतल्या विषयांवर विधिमंडळ, आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघंही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे हे दिल्लीचं. पोलीस, जमीन, सार्वजनिक आरोग्य, महानगरपालिका, बाजार हे राज्याचं. म्हणजे ठाणेकराला सकाळपासून रात्रीपर्यंत ज्याचा काच होतो ते बहुतेक सगळं राज्याच्या हातात. तरीही आपल्या चर्चा नव्वद टक्के दिल्लीच्याच असतात, याचं मला वाईट वाटतं.

अवघड प्रकरण समवर्ती सूचीचं. फौजदारी कायदा, विवाह, कामगार हे विषय तिथे आहेत. शिक्षणही 1976 च्या घटनादुरुस्तीनंतर तिथे गेलं. अशा विषयावर केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा यांची टक्कर झाली तर केंद्राचा टिकतो. राज्याचा टिकवायचा असेल तर अनुच्छेद 254 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक इथेच अडकलं. महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांसाठी कडक शिक्षा सांगणारं हे विधेयक 2020 च्या डिसेंबरमध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, 2021 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. पुढे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कायदा झालंच नाही. त्यातल्या तरतुदी योग्य होत्या की नव्हत्या हा वेगळा वाद. पण एखाद्या मागणीला दिल्लीची मोहोर लागणार आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहिलं नाही तर दोन-तीन वर्षांची मेहनत अशी टांगणीला लागते.

जिना आहे, एकच पायरी नाही

वर राज्यघटना. खाली अधिनियम, म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा. त्याखाली नियम, जे त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं. मग अधिसूचना, आणि सगळ्यात खाली शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. अधिनियम बदलायला 288 आमदारांची विधानसभा आणि 78 सदस्यांची विधान परिषद, शिवाय राज्यपालांची संमती लागते. नियम बदलायला विभागाची फाईल हलावी लागते. राजपत्रात मसुदा येतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. जीआर तर मंत्रालयातल्या एका निर्णयाने निघतो आणि एका निर्णयाने रद्दही होतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना विचारते, तुमची तक्रार यातल्या कुठल्या पायरीवर आहे? बहुतेकदा उत्तर येतं, "कायदाच वाईट आहे." मग आम्ही कागद काढतो. कधी कधी कायदा ठीक असतो आणि नियमांमध्ये असं एखादं प्रमाणपत्र मागितलेलं असतं जे झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाकडे असूच शकत नाही. मग विधानसभेपर्यंत जायची गरजच उरत नाही.

जीआरला कमी लेखू नका. नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे, तिथल्या माणसांना हे सांगायला नको. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांची जमीन शहरासाठी जाऊ लागली. शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले दि. बा. पाटील स्वतः वकील होते, आमदार-खासदारही झाले. 1984 च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात 16 आणि 17 तारखेला आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना मिळाली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्ताला परत. ती आली शासन निर्णयाने, 1990 मध्ये, आणि नंतर त्यात सुधारणा होत गेल्या. आजही बेलापूर, घणसोली, करावे अशा गावांत भूखंडाचं बोलणं निघालं की 'साडेबारा' एवढंच म्हणतात. एवढं रक्त सांडून जे मिळालं त्याला विधिमंडळाच्या कायद्याचं बळ का नव्हतं, हा प्रश्न आमच्या गटातल्या करावे गावच्या एका मुलाने विचारला. मला तो अजून पुरता सोडवता आलेला नाही. हाताशी असलेली पायरी घेतली जाते, आणि त्या वेळी ती जीआरची होती, एवढं मी त्याला सांगितलं.

आता पुन्हा फाटकाकडे

आम्ही तिन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले. या एका कामाला पाच रविवार लागले आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच होतं.

माथाडी कायदा, म्हणजे 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारपेठांतल्या डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांना संघटित केलं, त्याचं हे फळ. पुढे बाजार वाशीला आले आणि त्यांच्याबरोबर ही माणसंही कोपरखैरणे, घणसोली, तुर्भ्याकडे आली. या हमालाला कायम मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, सुट्टीचा पगार कोण देणार? कायद्याने फार शहाणपणाने यातून वाट काढली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचं मंडळ नेमलं. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना पाहतं. मालक दर दिवशी बदलो, कामगाराची नोंद एका जागी पक्की.

1981 च्या खासगी सुरक्षारक्षकांच्या कायद्याने हाच साचा उचलला.

आणि 2008 चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम? यातही मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या कामगाराची नोंदणी आहे, अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपण, आजारपण, अंत्यविधीसाठी मदत अशा तरतुदी आहेत. घरकाम हे काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, हे एका राज्याने कायद्यात लिहिलं, ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत. पण घरमालकाकडून सक्तीची लेव्ही नाही. आठवड्याची सुट्टी नाही. कामाचे तास नाहीत. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं तर पूर्वसूचना नाही. निधी सरकारी अनुदानावर आणि स्वतः कामगारांच्या वर्गणीवर चालतो, आणि अनुदान आटलं की मंडळही आटतं.

चार-पाच मालक, एक कामगार, कोणीच कायमचं नाही: या बाईची स्थिती हुबेहूब हमालासारखी आहे. 1969 मध्ये सापडलेली वाट तिच्यासाठी का चालत नाही? याचं उत्तर सोपं नाही. बाजार समितीतला व्यापारी परवानाधारक असतो, त्याच्या वह्या तपासता येतात. घर तपासायला निरीक्षक कसा पाठवणार? मालकांची संख्या लाखांत जाईल, वसुली कोण करणार? एका विद्यार्थ्याने सुचवलं की लेव्ही घराकडून न घेता सोसायटीच्या देखभाल खर्चातून घ्यावी, कारण सोसायटीची नोंदणी असते आणि हिशेबाचं लेखापरीक्षणही होतं. लगेच दुसरी म्हणाली, मग चाळीत आणि बैठ्या घरांत काम करणाऱ्या बायकांचं काय? वाद अजून चालू आहे. वकिलीचं खरं शिक्षण मला या वादात दिसतं, कारण इथे उत्तर कुठल्या निकालात लिहिलेलं नाही; ते घडवावं लागतं.

हा विषय फक्त आमच्याच डोक्यात आहे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या जानेवारीत घरेलू कामगारांसाठी कायदेशीर चौकट हवी का, याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं. कामगार हा समवर्ती विषय, त्यामुळे राज्यालाही थांबून राहायचं कारण नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. देशाने तो धागा 2005 मध्ये उचलला. माहितीच्या अधिकाराचंही तसंच, राज्यात आधी कायदा आला आणि मग 2005 मध्ये देशाचा.

विधिमंडळाची दारं

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. यांच्या तारखा विद्यार्थ्याच्या भिंतीवर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी हव्यात. कारण दार उघडं असतं ते थोडेच दिवस.

सगळ्यात सोपं दार म्हणजे प्रश्न. आमदार तारांकित प्रश्न विचारतो, सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. घरेलू कामगार मंडळाने जिल्ह्यात किती नोंदण्या केल्या, किती रक्कम वाटली, हे अशा उत्तरातून अधिकृतपणे बाहेर येतं. लक्षवेधी सूचना त्याहून जास्त वेळ मिळवून देते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, पण आमच्या ओळखीत तिच्याकडे गेलेली माणसं मोजकीच.

मग संयुक्त समिती. एखादं वादग्रस्त विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीकडे जातं आणि समिती जनतेकडून सूचना मागवू शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण ताजं आहे. शहरी नक्षलवादाला आळा घालण्यासाठी म्हणून 2024 च्या जुलैमध्ये ते आलं, विधानसभेची मुदत संपल्यावर डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून 12 हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने शब्दरचनेत बदल सुचवले, आणि 2025 च्या जुलैमध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ज्यांना विधेयकच नको होतं त्यांचं समाधान झालं नाही, हे उघड आहे, आणि 'व्यक्ती' हा शब्द आत आहे की बाहेर, यावर एखाद्याचं स्वातंत्र्य अवलंबून असतं, हेही तितकंच उघड आहे. सूचना पाठवणाऱ्यांत विधीचे विद्यार्थी असतील तर त्यांनी कुठल्या कलमात, कुठला शब्द, का बदलावा, आणि त्याऐवजी कुठला घालावा, हे लिहावं. 'हे विधेयक लोकशाहीविरोधी आहे' एवढंच लिहिलेल्या पत्राचं समिती फारसं काही करू शकत नाही.

राहिलं अशासकीय विधेयक. मंत्री नसलेला कुठलाही सदस्य विधेयक मांडू शकतो. त्यासाठी शुक्रवारचा थोडा वेळ राखलेला असतो. विद्यार्थ्यांना हे दार फार आवडतं, कारण मसुदा आपला आणि नावही वर्तमानपत्रात. पण अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात. संसदेत 1952 पासून जेमतेम 14 झाली, त्यातलं शेवटचं 1970 मध्ये. तरी ती व्यर्थ जात नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1935 मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि 1937 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातली खोती म्हणजे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये बसलेला खोत. 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा. बारा वर्षं मध्ये गेली, पण मागणी एकदा कलमांच्या भाषेत सभागृहाच्या टेबलावर आली की ती कोणाला पुसता येत नाही.

मंजूर झाल्यावर

सामाजिक बहिष्काराच्या कायद्याची हकीकत मला दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते. मुंबई राज्याने 1949 मध्ये वाळीत टाकण्याला बंदी करणारा कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धर्मसंप्रदायाला स्वतःचा कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य आहे, या आधारावर. विरोधात मत देणारे होते स्वतः सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं महाराष्ट्रात जातपंचायती माणसांना वाळीत टाकत राहिल्या. रायगडमधून किती तक्रारी आल्या ते त्या भागातल्या माणसांना माहीत आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली, आणि 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो 2017 मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ठाणे जिल्ह्याचा याच्याशी थेट संबंध आहे. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी, त्यात अंबरनाथची मुलंही होती, लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड आवाज उठवला. शिकणारी, नोकरीला नुकतीच लागलेली मुलं. समाजातून त्यांना त्रास झाला. घरातलं माणूस गेल्यावरही शेजारीपाजारी येऊ नयेत, असा दबाव आणला गेला, आणि 2019 मध्ये अंबरनाथमध्ये या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. कायदा नसता तर ती तक्रार कुठल्या कलमात बसवली असती?

आणि तरीही. काही वर्षांपूर्वी एका वाळीत टाकलेल्या कुटुंबाला घेऊन मी एका पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या अधिकाऱ्याला असा कायदा आहे हेच ठाऊक नव्हतं. मी राजपत्राची प्रत पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती शांतपणे पूर्ण वाचली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्या दिवशी माझ्या पिशवीत प्रत नसती तर? तेव्हापासून आमच्या गटाचा एक उपक्रम आहे: ज्या राज्य कायद्यावर काम करायचं, त्याची दोन पानी मराठी माहिती छापून पोलीस ठाणं, तलाठी कार्यालय, आशाताई आणि अंगणवाडीताईंपर्यंत पोहोचवायची.

गट कसा चालवायचा

नोंदणीकृत संस्था लागत नाही. एकत्र जमण्याचा, संघटना बनवण्याचा हक्क अनुच्छेद 19 देतो. लागतात सात-आठ माणसं, ठरलेला वार आणि एक फाईल. मसुदा लिहिणारं एक, राजपत्र आणि विधिमंडळाचं कामकाज नियमित पाहणारं एक, ज्यांच्यासाठी कायदा हवा त्या माणसांशी बोलणारी निदान तीन. शेवटची तीन नसतील तर बाकीच्यांनी घरी जावं, असं मी स्पष्ट सांगते.

माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येकाला यायलाच हवा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. विद्यार्थी पहिल्यांदा तीन पानं लिहून आणतात. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारायची सवय पुढे युक्तिवादातही कामी येते.

काही मर्यादा पाळायच्या. सनद मिळेपर्यंत तुम्ही वकील नाही; कोणाचं प्रकरण चालवायचं नाही, वकील म्हणून सल्ला द्यायचा नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं, आणि मोफत विधी सहाय्याला पात्र माणसाला तिथपर्यंत हात धरून नेता येतं. मोर्चात जायचं तर परवानगी आहे ना हे पाहायचं. सनदेच्या अर्जात फौजदारी प्रकरणांची माहिती द्यावी लागते. हे मी घाबरवायला सांगत नाही. ज्या मुलीच्या घरात ती पहिलीच वकील होणार आहे, तिला धोका आधी कळलेला असावा आणि मग तिने आपला आपण निर्णय घ्यावा.

भाषेचा मुद्दा मला फार जवळचा आहे. विधेयक मराठीत असतं, पण आपण कायदा शिकतो इंग्रजीत, आणि ज्या बाईसाठी तो आहे तिला सरकारी मराठीही परकीच. 'परंतुक', 'यथास्थिति', 'अन्यथा उपबंधित केले नसल्यास' हे तिच्यापर्यंत कसं पोहोचणार? गटाचा निम्मा वेळ उलथापालथीत जातो: कलमाचं बोलीत, बोलीचं परत कलमात. तो वेळ वाया गेला असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा कळव्याच्या वस्तीत बसून 2008 चा कायदा वाचून दाखवावा.

आणि विद्यार्थी निघून जातात, ही खरी अडचण. तीन वर्षांत पदवी, मग परीक्षा, नोकरी, लग्न. कायदा बदलायला मात्र दहा-बारा वर्षं लागतात. यावर आमच्याकडे एकच उपाय आहे, फाईल. प्रत्येक अर्ज, प्रत्येक उत्तर, कोण कोणाला कधी भेटलं, आमदारांच्या कार्यालयात काय बोलणं झालं, सगळं तारखेनिशी. शेवटच्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना ती फाईल शेजारी बसून वाचून दाखवतात. 1979 मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात पोलिसांची निर्दोष सुटका झाली, त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. फौजदारी कायदा बदलला 1983 मध्ये. मधल्या चार वर्षांत ते पत्र हातोहाती फिरत राहिलं, बायकांच्या सभांमधून वाचलं गेलं, म्हणून ते पत्र टिकलं.

आमच्या फाईलमध्ये सध्या एका पानाचा मसुदा आहे. एका आमदारांच्या कार्यालयाने सांगितलं होतं, एकच पान द्या, मराठीत, म्हणजे साहेब वाचतील. 2008 च्या अधिनियमात नवीन कलम घालायचं: लेखी नोंद, पूर्वसूचना, साप्ताहिक सुट्टी. मुलांनी तीन रविवार खपून तो लिहिला आणि गेल्या महिन्यात कळव्यातल्या बायकांसमोर वाचला. बायकांनी ऐकून घेतलं. मग पंधरा वर्षं चार घरांची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, सुट्टी लिहिलीस ते बरं केलंस. पण त्या दिवसाचे पैसे कापणार नाहीत, हे कुठं लिहिलंय?"

मसुदा लिहिणारी मुलगी एलएलएमला प्रवेश मिळालेली, वर्गात पहिली आलेली. ती काही क्षण गप्प राहिली, मग तिने पेन काढलं. चौथ्या ओळीत 'साप्ताहिक सुट्टी'च्या आधी आता 'सवेतन' हा शब्द आहे. पान हिवाळी अधिवेशनाच्या आधी द्यायचं आहे.